मथुराकाकूंची बाळोती

मला मथुराकाकूंची किळस यायची. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं मी त्यांच्याबद्दल चार शब्द बरे बोलले तर ते मायेपोटी बोलले असं कुणी समजू नये. माया वगैरे काही नव्हती. जबलपूर सोडून इतकी वर्षं झाली, तरी अजून कुठं अर्धवट वाळलेल्या फडक्यांचा वास आला की मला त्यांचं अंगण आठवतं आणि मी वाट बदलते.

त्या आमच्या शेजारच्या. मधे नुसतं बांबूचं कुंपण. यजमान जंगल खात्यात नाकेदार, महिन्यातले वीस दिवस फिरतीवर. घरात नऊ मुलं, आणि अंगणात या टोकापासून त्या टोकापर्यंत सुतळ्या. त्या सुतळ्यांवर बारा महिने तेरा काळ बाळोती. जुन्या धोतरा-लुगड्यांची ती चौकोनी फडकी, तान्ह्या पोराच्या बुडाला गुंडाळायची. पिवळ्या डागांची, हिरवट डागांची, काही तर धुऊन धुऊन जाळीसारखी झालेली. सकाळी केस वाळवायला मी बाहेर आले की पहिलं दर्शन त्यांचं.

काकू ताडमाड उंच आणि हाडकुळ्या. हात कोपरापर्यंत राखेनं आणि रिठ्यानं फाटलेले, नखं पिवळी. आवाज असा की अंगणात बोलल्या तरी आमच्या स्वयंपाकघरात ऐकू यायच्या. आणि बोलणं कशाबद्दल? एकाच गोष्टीबद्दल. कुणाच्या पोराला किती वेळा झाली, पातळ की घट्ट, रंग कोणता. "डोळे पाहू नका, जीभ पाहू नका, बाळोतं दाखवा," त्या म्हणायच्या. "पोट्ट्याले बोलता येत नाही, ते तिथं लिहून ठेवते." कुणाच्याही घरी गेल्या की आधी मोरीकडं वळायच्या. एकदा ओव्हरसियरीणबाईंच्या हळदीकुंकवात त्यांनी कुणाच्या तरी पोराचं बाळोतं बैठकीत आणून सगळ्यांसमोर उलगडलं होतं. समोर ताटात केशरी भात. मी त्या दिवसानंतर केशरी भात खाल्ला नाही.

मी लग्न होऊन नागपूरहून आले, तेव्हा त्या नवरी बघायला आल्या. कडेवर त्यांचं तेव्हाचं धाकटं. बोलता बोलता त्यांनी पोराच्या बुडाखाली हात घातला, बाळोतं सोडलं, नाकाशी नेलं आणि म्हणाल्या, "हं. वरण पचलं नाही याले." मग ते चौघडी करून आमच्याच सतरंजीवर गुडघ्याशी ठेवलं, त्याच हातानं ताटलीतला लाडू फोडला आणि अर्धा माझ्या तोंडात कोंबला. "खा माय, लाजू नको." तो लाडू मी गालात धरून बसले. त्या गेल्यावर मोरीत जाऊन थुंकले आणि तीन वेळा खळखळून चूळ भरली. सासूबाई दारात येऊन उभ्या. "काय गं, उलट्या? इतक्या लवकर?" म्हणाल्या. मला लाजेनं मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पण याच काकूंना प्रत्येक घरी पहिला पाट मिळायचा. ओव्हरसियरीणबाई म्हणजे आमच्या दहा-बारा मराठी घरांतलं मोठं प्रस्थ. त्या कुणाला उठून जागा देत नसत, पण काकू आल्या की स्वतः सरकायच्या. कारण एकच. काकूंची नऊ मुलं, आणि सगळी जगलेली. तेव्हा ज्या घरात विचाराल तिथं एक-दोन तरी गेलेलीच असायची. देवी, गोवर, हगवण, काही ना काही. तान्ह्याला नवं कापड लावायची रीत नव्हती, जुनंच मऊ धोतर फाडून घालायचं. आणि ज्या घरी आधी एखादं मूल गेलेलं असेल, त्या घरच्यांनी ते कापड लेकुरवाळीकडून मागून आणायचं. म्हणजे पोर जगतं. आमच्याकडं ती लेकुरवाळी म्हणजे मथुराकाकू.

त्यांच्याकडं काळ्या पत्र्याची पेटी होती. सुनेला आठवा लागला की सासू नारळ आणि खण घेऊन जायची आणि पेटीतून बाळोत्यांचं गाठोडं घेऊन यायची. पोर चालायला लागलं की ती धुऊन परत करायची, वर आपल्या घरचं एखादं फडकं घालून. त्या पेटीत कुणाच्या सासऱ्याचं धोतर होतं आणि कुणाच्या आत्याचं लुगडं, देवालाच ठाऊक. एकाच फडक्यावर वीस-वीस पोरं होऊन गेलेली. काकूंना ना दागिना, ना शिक्षण, ना नवऱ्याचा हुद्दा. ती पेटी नसती तर त्यांना ओव्हरसियरीणबाईंनी दारात उभं केलं नसतं. हे त्यांना पुरतं माहीत होतं.

धुणं मात्र त्यांचंच बघावं. आमची भांडीवाली "बहूजी, ये हमसे न होगा" म्हणून हात वर करायची, तेव्हा घरोघरी हे काम पोरांच्या आयांनाच. काकू आधी खापरीनं खरवडायच्या. मग गार पाण्यात. गरम पाणी पाहिलं की ओरडायच्या, "अवो, डाग शिजवता काय! मग बसते तो जन्मभर." मग राखेच्या निवळीत दोन तास, मग रिठा, मग तीन पाणी, तिसरं पाणी पिता येईल असं पाहिजे. पिळायचं नाही, तळव्यांत दाबायचं. कडक उन्हात उलटसुलट करायचं. पावसाळ्यात शेगडीवर टोपलं पालथं घालून त्यावर पसरायचं, निखाऱ्यावर ओवा टाकायचा. तो ओव्याचा धूर आणि त्याच्या आतला तो दुसरा वास! सगळा श्रावण आमच्या घरात तो भरलेला असायचा. वाळल्यावर प्रत्येक बाळोतं दोन्ही हातांनी चोळायचं आणि आपल्या गालावरून फिरवायचं. खरखरलं तर परत पाण्यात. हे त्या बोलता बोलता करायच्या, आणि मी मान वळवायची.

माझी पहिली मुलगी बाराव्या दिवशी गेली. त्याबद्दल मी इथं काही लिहिणार नाही.

दुसऱ्या खेपेला आठवा लागताच सासूबाई नारळ घेऊन कुंपणापलीकडं गेल्या आणि गाठोडं घेऊन आल्या. मी ते सोडलं. वर जरा बरी होती, खाली मात्र एकावर एक डागांचे नकाशे. माझ्या बाळाला हे? सासूबाईंसमोर बोलायची सोय नव्हती. मी भेटायला आलेल्या भावाकडून गुपचूप सराफ्यापलीकडच्या दुकानातून कोरा मांजरपाट आणवला, शिवून घेतला, माझ्या पेटीत तळाला लपवला. मुलगा झाला, बापू. त्याला मी माझी पांढरीशुभ्र बाळोती घालायची. सोडा टाकून उकळायची, खोलीत पलंगामागं वाळवायची. आणि रोज सकाळी काकूंच्या गाठोड्यातली आठ-दहा नुसती पाण्यात बुचकळून बाहेर सुतळीवर टाकायची. वापरलेली नाहीत, मळलेली नाहीत, तरी रोज ओली, रोज वाळलेली. सासूबाई खूश. कुंपणापलीकडून काकूही बघायच्या आणि आपल्या धुण्याकडं वळायच्या.

महिना झाला असेल. बापूच्या मांड्या लाल झाल्या. मग सोलवटल्या. मग रक्त यायला लागलं. मी आणखी स्वच्छ करू म्हणून आणखी सोडा टाकला. पोर रडून रडून निळं पडायचं, दूध ओढेना, तिसऱ्या दिवशी अंगात ताप. मला बारावा दिवस दिसायला लागला. सासूबाई दृष्ट काढत बसल्या. मीच उठले आणि कुंपणाशी जाऊन हाक मारली, "काकू, या हो लवकर."

त्या आल्या, ओल्या हातांनीच. बापूला सोडलं, ते पांढरं बाळोतं बघितलं, माझ्याकडं बघितलं. सासूबाई पाणी आणायला आत गेल्या होत्या. काकूंनी ते बाळोतं, पोरानं भिजवलेलं, उचललं आणि त्याच्या कोरड्या कोपऱ्याला जीभ लावली. मी डोळे मिटले.

"सोडा," त्या हळूच म्हणाल्या. "कापडातच राहून राहिला. पोराले सोड्यात शिजवून राहिली तू. कोरं कापड, त्यात खळ, वरून सोडा. काहून केलं असं?"

मी रडायलाच लागले. त्यांनी ती सगळी पांढरी गुंडाळून पदराखाली घातली आणि सासूबाई येताच मोठ्यानं म्हणाल्या, "उन्हाळी लागली त्याले, दुसरं काही नाही." चार दिवस बापूला सकाळच्या उन्हात उघडा निजवला, बुडाखाली त्यांच्याच पेटीतलं जाळीचं फडकं, अंगाला खोबरेल तेल. दर घटकेला येऊन बघून जायच्या, वास घेऊन जायच्या. पाचव्या दिवशी बापू हसला.

तेव्हा मी त्यांचे पाय धरले. म्हटलं, काकू, मी तुमच्या जगलेल्या पोरांच्या बाळोत्यांचा अपमान केला, म्हणून हे झालं.

त्या हसायलाच लागल्या. "अपमान कसला बाप्पा! फडक्यात काय असते? चांगलं धुतलं, उन्हात वाळलं तर पोराचं बूड चांगलं राहते. एवढंच असते." मग आत-बाहेर बघितलं आणि खाली बसल्या. "माझी नऊ जगली, खरं आहे. पण झाली चौदा."

मी त्यांचे पाय सोडले.

"पाच गेली. तीन मंडल्याकडच्या जंगलात, दोन बालाघाटले. इथं आलो तेव्हा कोणी विचारलं, किती मुलं? होती तेवढी सांगितली. गेली किती, हे कोणी विचारलंच नाही. मग ओव्हरसियरीणबाई नारळ घेऊन दारात. मी काय म्हणू?"

"मग ही बाळोती..."

"त्यात त्या पाचांचीबी असतील. मेलेल्या लेकराचं फडकं फेकून द्यायले माझ्या घरी दुसरं धोतर होतं काय? धुतलं, ठेवलं." त्या उठल्या. "कोनाले सांगू नको. बायांले आधार असते. आणि मले..." एवढं म्हणून त्यांनी पदर खोचला. पुढं काय ते मला कळलं.

माझ्या बापूच्या अंगाखाली तेव्हा तेच जाळीचं फडकं होतं. ते कुणाचं, या विचारानं माझ्या अंगावर काटा आला. इतकी किळस मला त्या लाडवाचीही आली नव्हती. पण मी ते काढलं नाही, कारण पोर त्यावर शांत झोपलं होतं. आणि कुणाला सांगितलंही नाही.

पुढच्या उन्हाळ्यात ओव्हरसियरीणबाईंचा नातू गेला. सहा महिन्यांचा. त्यांची सून कुमुद, अमरावतीची, सतरा वर्षांची, दिसायला परकरी पोरच. काकू आठ दिवस सांगत होत्या, "बाळोतं हिरवं आहे, शेंबडासारखी आव पडून राहिली, डॉक्टरले बोलवा." ओव्हरसियरीणबाई म्हणायच्या, दात येताहेत.

आम्ही बायका समाचाराला गेलो. सतरंजीवर बसलो. कुमुद कोपऱ्यात. तिचं दूध अजून आटलं नव्हतं. चोळी पुढून भिजली होती आणि तिला आंबूस वास सुटला होता. कुणी तिला कोरडं फडकं द्यायला उठलं नाही. मीही नाही.

ओव्हरसियरीणबाई रडून झाल्यावर डोळे पुसून म्हणाल्या, "काकूंच्या बाळोत्यात आजवर एक लेकरू गेलं नाही. इतक्या घरी गेली ती, सगळी पोरं खेळताहेत. मग माझंच काहून गेलं? ही कुमुद बाळोती पिळायची! मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. पीळ घालून घालून पिळायची. माझ्या नातवाचं आतडं पिळलं हिनं. आता हिला पुढच्या आठवड्यात अमरावतीला पोचवते. मुलासाठी दुसरी पाहून ठेवली आहे."

बाळाचं कापड पिळलं की बाळाचं पोट पिळवटतं, असं सगळ्याच मानायच्या. सगळ्यांनी माना हलवल्या. "दिवे लागल्यावरही बाहेर राहायची हो बाळोती," एकीनं भर घातली. कुमुद जमिनीकडं बघत होती. तिला तिकडं सावत्र आई होती, हे आम्हाला सगळ्यांना ठाऊक होतं.

मला खरं माहीत होतं, फडक्यात काही नसतं. मी एक शब्द बोलले असते तर? पण शेजारी सासूबाई बसलेल्या, आणि माझ्या पलंगामागच्या सुतळीची गोष्ट त्यांना कळली असती. मी सतरंजीचे धागे उपसत बसले.

काकू म्हणाल्या, "पिळल्यानं काही होत नाही."

"काकू, तुम्हीच तर म्हणता, पिळू नका!"

"कापड लवकर फाटते म्हणून म्हणते."

"मग गेलं कशानं?"

काकूंनी एकदा कुमुदकडं बघितलं. हिरव्या बाळोत्याचं, डॉक्टरचं त्या म्हणाल्या असत्या, तर ओव्हरसियरीणबाईंनी ते कधी कबूल केलं असतं? ते काकूंनाही कळत असणार. त्या म्हणाल्या, "माझ्या बाळोत्यानं गेलं समजा. मले चौदा झाली. पाच गेली. गंगी, विठू, एक सोनी. दोघांची नावं ठेवायची राहिली. त्यांची बाळोती त्याच पेटीत आहेत. तुमच्याकडं आली त्यातबी असतील."

कुणाला पहिल्यांदा समजलंच नाही. मग ओव्हरसियरीणबाई किंचाळल्या, "मेलेल्या पोरांची फडकी गुंडाळलीत माझ्या नातवाला? अहो तुम्ही बाई आहात की कोण?" बायकांनी आपापले पदर ओढून घेतले, जणू काकूंच्या अंगावरून काही सरपटत येत होतं. ज्यांनी नारळ दिले होते, ज्यांची पोरं त्याच फडक्यांवर वाढून अंगणात विटीदांडू खेळत होती, त्या सगळ्या! शी! मला त्या क्षणी काकूंची नाही, आम्हा बाकीच्यांची किळस आली, आणि त्यातली सगळ्यात जास्त माझी.

"हो, माझ्याचमुळं," काकू म्हणाल्या आणि चपला शोधत बाहेर गेल्या.

त्याच संध्याकाळपासून गाठोडी परत यायला लागली. परत कसली, कुंपणावरून फेकली जायला लागली. तीन-चार घरांत तान्ही होती, त्यांनी तर बुडाखालची काढली तशी, भरलेली, फेकली. मे महिन्याचं ऊन. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत त्या ढिगावर माश्यांचं मोहोळ, आणि घाण अशी सुटलेली की आम्ही दारं-खिडक्या लावून बसलो. बापू तेव्हा नुकता चालायला लागला होता, आमचं गाठोडं परत द्यायचं राहिलं होतं. सासूबाईंनी ते काठीनं ढकलत माझ्यापुढं आणलं. "फेकून ये," म्हणाल्या.

मी गेले आणि फेकलं. काकू ढिगाशी उकिडव्या बसून खापरीनं खरवडत होत्या. वर बघून म्हणाल्या, "ठेव तिकडं." एवढंच. दोन दिवस त्या धूत होत्या. नऊतल्या मोठ्या मुली पाणी ओढून देत होत्या.

हळदीकुंकवाची बोलावणी बंद झाली. विहिरीवर त्या आल्या की बायका बाजूला व्हायच्या. ओव्हरसियरीणबाई येईल-जाईल त्याला सांगायच्या, त्या अवदसेच्या फडक्यांनी माझा नातू नेला. आणि असं म्हणून बसल्यावर सुनेला अमरावतीला पोचवायचं कारणच उरलं नाही. कुमुद राहिली.

पाच-सहा महिन्यांनी नाकेदारांची बदली बैतूलकडं झाली. निघायच्या आदल्या दिवशी मी मागच्या अंगणात होते. पलीकडं काकू शेवटचं धुणं धूत होत्या, धाकट्याची बाळोती. अजून खरवडणंच चाललं होतं. मागच्या फाटकातून कुमुद आली. डोक्यावरून पदर घट्ट ओढलेला. तिला पुन्हा दिवस गेले होते, आता दिसत होतं.

"काकू, बाळोती द्या," ती म्हणाली.

"वेडी झाली काय? सासू जीव घेईल. आणि कोनाकोनाची आहेत, ऐकलं ना तू त्या दिवशी?"

"ऐकलं." ती थांबली. "त्यात माझ्या बाळाची आहेत ना?"

"आहेत. धुऊन ठेवली."

"ती द्या. त्यांनी त्याचं काहीच ठेवलं नाही घरात. सगळं जाळलं."

काकूंनी खापरी खाली ठेवली. मग धुण्याच्या दगडावर बसल्या, दोन्ही हात तोंडावर घेतले आणि रडायला लागल्या. आवाज न करता. मी त्यांना रडताना तेव्हा पाहिलं, तेवढंच. त्या हातांना काय काय लागलेलं होतं ते मला इथून स्वच्छ दिसत होतं, ते सगळं गालांना, कपाळाला लागत होतं. कुमुद खाली बसली आणि तिनं ते हात तसेच आपल्या हातांत घेतले.

मी कुंपणाशी उभी होते. पलीकडं जावं असं फार वाटलं. पण तोंडाला लावलेला पदर काही माझ्यानं काढवला नाही.